बारमाही म्हणून टाकलेली वाट

या अंकाचे संपादक म्हणाले, अप्पा, तुम्ही अठ्ठावीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली, गमतीजमती लिहा. गमती आहेत, दोन-तीन सांगतोही. पण माझ्यामुळं एका चांगल्या ड्रायव्हरची नोकरी गेली आणि मी मूग गिळून बसलो, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे गमती वाचताना कुणी मला लई शहाणा समजणार नाही.

मी मन्मथ. मूळचा चाकूर तालुक्यातला, पण नोकरी सगळी लोहा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर झाली. केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथं अजून लोक काम करतात आणि चूक त्यांची नव्हती.

आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. कुस्तीचा नव्हे. दोन खोल्या, एक गोठा, दारात बाभळ नाहीतर लिंब. गावात घर असलं तरी माणसं वर्षातले सहा-आठ महिने आखाड्यावरच काढतात. तिथं पाटी नसते, घर नंबर नसतो, रस्त्याचं तर नावच काढू नका. आणि रेंज नसते. कुणी आजारी पडलं की घरचा माणूस माळावर चढतो, एक दांडी रेंज आली की फोन लावतो, "बापाला चक्कर आली, वडाच्या माळाच्या पल्याड या" एवढं बोलतो आणि धावत खाली उतरतो. उतरला की फोन मेला. पुन्हा विचारायची सोय नाही. असे वडाचे माळ आमच्या हद्दीत तीन होते. कोणता माळ ते मला माणसाच्या आवाजावरून, आडनावावरून, कधी मागं ओरडणाऱ्या मोरावरून कळायचं. त्याचा मला गर्व होता. आता लपवून काय करायचं.

मग आम्हाला टॅबलेट आले. नांदेडला एक दिवसाचं शिक्षण झालं. शिकवायला एक मॅडम होत्या, पोरगेल्या वयाच्या, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. त्या म्हणाल्या, आपण कुठं उभे आहोत हे टॅबला आभाळातल्या उपग्रहावरून कळतं, त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला. म्हणून सकाळी केंद्राच्या वायफायवर नकाशा उतरवून घ्यायचा आणि मगच शिवारात जायचं. सोपं काम. मी पहिल्याच दिवशी विसरलो. डांबरी सोडून तीन किलोमीटर आत गेलो, टॅब उघडला, तर पडदा पांढराफेक आणि मधोमध एक निळा ठिपका. शेजारी बसलेल्या नर्सबाईंनी विचारलं, "अप्पा, आपण कुठं हाव?" मी ठिपक्यावर बोट ठेवून म्हणालो, "इथं." बाई परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलल्या नाहीत.

टॅब डॅशबोर्डला सायकलच्या ट्यूबनं बांधायचो. उन्हात तापला की तो आपोआप बंद पडायचा, मग पाण्याच्या बाटलीला टेकवून गार करायचा. रुग्णाच्या आधी टॅबला पाणी, असं नर्सबाई म्हणायच्या.

एकदा एका आखाड्यावर म्हाताऱ्यानंच गाडी अडवली. त्याची म्हातारी तापानं फणफणलेली, तिला मागं झोपवलेलं, मी गाडी चालू केलेली. म्हातारा खिडकीत डोकं घालून म्हणाला, "हे मोजणीचं मशीन हाय का?"

"न्हाई बाबा. रस्ता दाखवतंय."

"मग माझा धुरा दाखव. भावकीनं दोन हात सरकवलाय." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध.

"बाबा, आजीला दवाखान्यात न्यायचंय."

"तिला काय घाई न्हाई. ताप कालपासून हाय."

मागून म्हातारी बोलली, "मरू द्या तुमचा धुरा. गाडी हाकू द्या त्यांला."

तेव्हा कुठं तो बाजूला झाला, पण पडद्यावरची रेघ नीट बघून ठेवली होती त्यानं. पंधरा दिवसांनी गेलो तर आमची गाडी जिथून गेली होती त्या रेघेवर म्हाताऱ्यानं दगड मांडलेले. सरकारच्या मशीनमध्ये रेघ आहे म्हणजे धुरा तिथंच, असं त्याचं म्हणणं. हा किस्सा मी महिनाभर केंद्रात सांगितला आणि पोट धरून हसलो. पडद्यावर रेघ दिसली की ती खरी मानायची, हेच मीही पुढं एका माणसाला शिकवलं.

आता मुद्द्यावर येतो. नकाशात डांबरी रस्ते होते, आखाड्यांच्या वाटा नव्हत्या. त्या आम्ही ड्रायव्हरांनी भरायच्या. काम असं: केंद्रापासून निघताना 'नोंद सुरू' दाबायचं, आखाड्यापर्यंत गाडी चालवायची, पोचल्यावर 'जतन करा' दाबायचं. आपण गेलो तशी रेघ नकाशात उमटते आणि वायफायजवळ आलं की सगळ्यांच्या टॅबवर जाते. जतन करताना तो एक प्रश्न विचारायचा. वाट बारमाही की उन्हाळी?

हा प्रश्न बाहेरच्यांना समजावून सांगावा लागेल. आमच्याकडं रब्बी निघाली की शेतं मोकळी होतात. मग माणसं शेतातून सरळ बैलगाडी घालतात, ट्रॅक्टर घालतात, कुणी कुणाला अडवत नाही. मिरगाला पेरणी झाली की ती वाट मिटते. परत फिरून लांबच्या रस्त्यानं जायचं. याला उन्हाळी वाट म्हणतात. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं. टॅबला ठाऊक नसतं, म्हणून तर तो विचारायचा.

पण 'बारमाही' दाबलं की काम संपायचं. 'उन्हाळी' दाबलं की आणखी तीन प्रश्न यायचे. कोणत्या महिन्यापासून बंद, अडचण काय, दुसरी वाट कोणती. मोठ्या बोटांनी त्या बारक्या पाटीवर टाईप करायचं, ते पण मे महिन्यात, टॅब तापलेला, घाम डोळ्यात. आणि ज्याच्या वाटा जास्त त्याचा सत्कार होणार होता. मी त्रेचाळीस वाटा टाकल्या. सगळ्या बारमाही. नांदेडला शाल-नारळ झालं, फोटो निघाला, बायकोनं तो फ्रेम करून महादेवाच्या फोटोशेजारी लावला.

त्यातली एक वाट गायरानाच्या खालून जाणारी होती. तिथं चिबड आहे. चिबड म्हणजे पाणी धरणारी काळी जमीन. मे महिन्यात तिला हातभर भेगा पडतात, सिमेंटसारखी टणक, गाडी पळते. पाऊस लागला की वर हिरवंगार गवत येतं आणि खाली सगळा राडा. बघणाऱ्याला ते मैदान वाटतं. मी स्वतः पावसाळ्यात त्या वाटेनं कधी गेलो नाही. माळावरून मुरमाचा रस्ता होता, चार किलोमीटर लांबचा, त्यानं जायचो. ती मुरमाची वाट मी टॅबमध्ये टाकलीच नव्हती, कारण एका आखाड्याची एकच वाट मोजणार होते आणि जवळची टाकली की उरलेल्या वेळात दुसरा आखाडा होत होता.

जुलैमध्ये इरफान आला. कंत्राटी ड्रायव्हर, तीस-बत्तीस वर्षांचा, रेणापूरचा. हातात सफाई होती. गाडी बंद करताना दार आपटायचा नाही, पेशंट असो-नसो. मला "अप्पा" म्हणायचा आणि माझ्यासमोर सिगारेट ओढायचा नाही. आमच्या शिवाराची त्याला काडीची माहिती नव्हती. पहिल्या आठवड्यात तो आखाड्यावर जाताना जागोजाग गाडी थांबवून माणसांना विचारायचा. मी त्याला रागावलो. म्हणालो, "काय करायलास रे? ज्याला विचारशील तो वेगळंच सांगणार. टॅब कशाला दिलाय? रेघ धर आणि जा. ह्या सगळ्या रेघा तपासलेल्या हायेत."

तपासलेल्या, असं म्हणालो मी. माझ्याच तोंडानं.

सप्टेंबरात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी ऊन पडलं. सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. गायरानापलीकडच्या आखाड्यावर सुमनबाई नावाच्या बाईला सोयाबीनमध्ये घोणस चावली होती. घोणस चावल्यावर लस वेळेत मिळणं एवढंच हातात असतं, बाकी सगळं नशीब. मी तेव्हा दुसऱ्या गाडीत बाळंतिणीला घेऊन नांदेडला गेलो होतो. इरफान निघाला. त्यानं रेघ धरली.

पुढचं मला नंतर लोकांनी सांगितलं. चिबडात गाडी मागची दोन्ही चाकं बुडेपर्यंत बसली. त्यानं दगड घातले, कापसाच्या वाळक्या पळाट्या घातल्या, गाडी आणखी बसली. मग गाडी तिथंच सोडून तो दीड किलोमीटर चिखलातून पळत आखाड्यावर गेला. सुमनबाईला बाजेवर घातलं, चौघांनी बाज उचलली, त्यातला एक हा. माळावरच्या मुरमाच्या रस्त्यापर्यंत खांद्यावर आणलं, तिथून एका शेतकऱ्याच्या जीपमधून केंद्रात. लस मिळाली, पण दीड-दोन तास उशिरा. मग नांदेडला हलवलं. बाई वाचली. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली आणि पाय पहिल्यासारखा झाला नाही.

मी दुपारी परत आलो. केंद्राच्या दारात इरफान उभा होता, कमरेपर्यंत चिखल वाळलेला. मी विचारलं, "कुठून गेलास?" तो म्हणाला, "रेघेवरून." एवढंच म्हणाला. मी त्याला म्हणालो, "जा, अंघोळ कर." दुसरं काय बोलणार होतो? बोलायचं होतं तेच बोलायचं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वायफायजवळ बसून माझ्या त्रेचाळीस वाटा उघडल्या. एकोणीस वाटा उन्हाळी होत्या. त्या एकेक करून बदलल्या, तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिहिली. एका वाटेला दोन मिनिटं लागली. जे मे महिन्यात करायला मला जड झालं होतं ते दोन मिनिटांचं काम होतं. चिबडातली रेघ मात्र मी बदलली नाही. ती अख्खी पुसून टाकली. बदलली असती तर केव्हा बदलली ती तारीख दिसली असती.

पाचव्या दिवशी जिल्ह्याहून साहेब चौकशीला आले. व्हरांड्यात खुर्ची टाकली. इरफान समोर उभा, मी बाजूला. साहेब माणूस वाईट नव्हते, खरं काय ते त्यांना पाहिजे होतं. ते म्हणाले, "मन्मथअप्पा, तुम्ही सगळ्यात जुने. पावसाळ्यात त्या वाटेनं गाडी जाते का?"

इरफाननं माझ्याकडं बघितलं. गयावया नव्हती त्याच्या बघण्यात. आता अप्पा बोलतील, एवढंच होतं.

माझ्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. पेन्शन अडकली तर काय, हे डोक्यात आलं. भिंतीवरचा फोटो डोक्यात आला. सुमनबाईचा पाय नाही आला. मी म्हणालो, "जाते साहेब. चालवणाऱ्यावर हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. अहवालात आलं की चालकाचा अंदाज चुकला आणि चालकानं वाहन सोडलं. वाहन सोडलं ते बाईला आणायला सोडलं, पण कागदावर तेवढंच आलं. कंत्राटदारानं त्याच आठवड्यात इरफानला काढलं. जाताना तो माझ्या पाया पडला. मुसलमान माणूस, आमच्यासारखं पाया पडायची त्याच्यात रीत नाही, पण केंद्रात सगळे पडतात म्हणून तोही पडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "चांगलं होईल" असं म्हणालो. अशी जीभ माझी.

तीन-चार महिन्यांनी सुमनबाई पट्टी बदलायला आली होती. काठी टेकत आली. मला म्हणाली, "अप्पा, तो ड्रायव्हर दिसत न्हाई? मला खांद्यावर आणलं की त्यानं. वाटंनं सारखं म्हणायचा, मावशी डोळे उघडे ठेवा, माझ्याशी बोला."

"त्याला काढलं, माय."

"का? काय केलं त्यानं?"

मी म्हणालो, "सरकारी काम असतंय."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि काठी सावरत आत गेली. तिला काही कळलं असेल असं वाटत नाही. पण त्या दिवसापासून तिच्या आखाड्याकडचा फोन आला की मी दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवायचो. चोराच्या मनात चांदणं.

रिटायर झालो. हार झाले, भाषणं झाली. एका डॉक्टरांनी भाषणात सांगितलं की मन्मथअप्पांनी या शिवाराचा नकाशा तयार केला. टाळ्या पडल्या. माझ्या हाताला घाम सुटला होता, मी तो हारात पुसला.

दोन वर्षं मी चाकूरला घरी बसलो. बायको म्हणायची, तुम्हाला करमत नाही म्हणून चिडचिड करता. शेवटी एके दिवशी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

इरफान रेणापूरला शाळेची गाडी चालवतो असं कळलं होतं. यंदा वैशाखात एसटीनं लातूरला आणि तिथून रेणापूरला गेलो. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा मनात घोकलं. बसस्टँडच्या मागं त्याचं घर. दार त्यानंच उघडलं.

"अप्पा? फोन तरी करायचा ना. मी घ्यायला आलो असतो स्टँडवर."

आत नेलं, पंखा लावला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, नर्सबाईंची केली. सुमनबाईचीही केली. मला ते सहन होईना. मी घोकलेलं सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, "इरफान, ती वाट मी टाकलेली होती."

"हाव," तो म्हणाला.

"उन्हाळी होती. मी बारमाही दाबलं."

"हाव अप्पा. माहीत हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. गाडी बसल्यावर रेघेवर बोट दाबून बघितलं. कुणी टाकली त्याचं नाव येतंय त्यात."

हे मला ठाऊक नव्हतं. त्रेचाळीस वाटा टाकून मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "मग साहेबासमोर बोलला का न्हाईस?"

"तुम्ही बाजूलाच उभे होते ना. मला वाटलं तुम्हीच सांगताल. तुमच्यासमोर मी तुमचं नाव कसं घेऊ?"

"आणि नंतर?"

"नंतर आठ दिवस घरी होतो. फोन चार्ज करून उशाला ठेवायचो. हिला म्हणायचो, अप्पाचा फोन येईल." त्यानं स्वयंपाकघराकडं मान केली. "मग शाळेची गाडी मिळाली."

रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो मला हकीकत सांगत होता फक्त. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काही न बोलता आत गेली. तिला सगळं माहीत होतं. तरी चहात साखर नीट घातली होती.

मी म्हणालो, "मी साहेबाला लिहून देतो. अहवाल बदलून घेतो."

"राहू द्या अप्पा," तो म्हणाला. "आता काय उपयोग? तुमच्या पेन्शनचं उगी काहीतरी निघंल."

आणि हे वाचणाऱ्यांनो, ते ऐकून मला बरं वाटलं. त्याच्याच घरात, त्याचाच चहा पिताना, छातीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं बरं वाटलं. चौकशीत खोटं बोललो तेव्हा निदान घाबरलेला होतो. त्या दिवशी रेणापुरात मला कसली भीती होती? त्या बरं वाटण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसलो, कारण शेजारी चाकूरचाच ओळखीचा माणूस होता आणि माझे डोळे ठीक नव्हते.

घरी येऊन अर्ज लिहिला. दोन पानी, स्वच्छ अक्षरात, खाली सही. तो कपाटात ठेवला, उद्या टाकू म्हणून. त्याला आता तीन महिने झाले. रोज सकाळी कपाट उघडतो, शर्ट काढतो, कपाट लावतो. मी कसा माणूस आहे ते मला आता कळलेलं आहे. म्हणून संपादकांनी गमती मागितल्या तेव्हा हे लिहून दिलं. कपाटातला कागद कपाटात ठेवता येतो, छापलेला येत नाही. अंक निघाला की पहिली प्रत साहेबांच्या कार्यालयात जाईल, दुसरी रेणापूरला. तसं मी संपादकांकडून वचन घेतलंय, माझ्या हातात ठेवलेलं नाही.

साहेबांना वाचायला सोपं जावं म्हणून शेवटी सरळ लिहितो. गायरानाखालची ती वाट उन्हाळी होती. मी ती बारमाही म्हणून टाकली, नंतर पुसली, आणि चौकशीत तुमच्याशी खोटं बोललो. इरफानची त्यात काही चूक नव्हती.